गोव्यात गाणं ऐकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याचा. गाण्याच्या मागे गोवाभर हिंडतो आणि ऋतूप्रमाणे गाण्यांच्या याद्या बनवतो, हे ओळखीपाळखीत पसरल्यापासून पुणे, कोल्हापूर, बेळगावहून तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो. गोव्यातलं बहुतेक गाणं तिथीला किंवा फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, बांधलेलं असतं, त्यामुळे हॉटेल ठरवण्याआधी पंचांग बघा, असं माझं पहिलं सांगणं असतं.

गाण्यासाठी गोव्यात नेमकं कधी यावं?

कुठलं गाणं हवंय त्यावर अवलंबून आहे. शास्त्रीय गायन हवं असेल तर कार्तिक-मार्गशीर्ष, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. कला अकादमीचा सूरश्री केसरबाई केरकर समारोह याच सुमाराचा, मडगावची दिंडी कार्तिकातली, आणि त्यानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत किंवा फादो हा पोर्तुगीज गायनप्रकार ऐकायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. ढोल-ताशांसाठी शिमगा. घुमटासाठी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आणि चवथीला पर्याय नाही.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मात्र मी सुचवत नाही. गाणं भरपूर असतं, पण ते ऐकायला पोहोचेपर्यंत अर्धी रात्र रस्त्यावर जाते.

पावसाळ्यात तर सगळं बंद असतं ना?

बंद असतात ते किनाऱ्यावरचे शॅक. गावं उलट पावसाळ्यातच जागी होतात.

२४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त. डोक्यावर फुलापानांची कोपेलां घातलेली पोरं घुमट आणि कासाळी (झांजा) वाजवत घरोघर फिरतात आणि विहिरीत उड्या मारतात. नव्या जावयाचं त्या दिवशी विशेष कौतुक. शिवोलीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते आणि सोबत बँड वाजत असतो. छत्री घेऊन उभं राहणाऱ्याला तिथे फारसा मान मिळत नाही, भिजायच्या तयारीनेच जा.

मग आषाढी. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात एकादशीला भजन चालतं आणि दुसऱ्या दिवशी चिखलकालो. चिखलात लोळणारे गडी सगळ्यांच्या फोटोत असतात, पण मी जातो तो आदल्या रात्रीच्या भजनासाठी. त्यानंतर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोचा दामोदर सप्ताह सुरू होतो. चोवीस तास अखंड भजन, पथकामागून पथक. पहाटे तीनच्या सुमाराला जाऊन बसा. गर्दी ओसरलेली असते, पखवाज नुसता ऐकू येत नाही तर छातीत जाणवतो, आणि आवाज बसलेले बुवासुद्धा त्या वेळी अधिक मनापासून गातात, असं माझं मत आहे. रात्रभर फिरायचं नसेल तर संध्याकाळी निघणारे पार, म्हणजे मिरवणुका, पाहून परत या.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरां, हा झेंड्यांचा उत्सव. जुन्या गोव्याहून फेरीबोट घ्यायची. तिथे गाण्यापेक्षा गोंगाट जास्त असतो, पण पोरांना आवडतो.

घुमट म्हणजे काय? आणि ते कुठे ऐकायला मिळेल?

मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, लहान तोंड मोकळं. एका हाताने चामड्यावर थाप आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मोकळं तोंड झाकायचं-उघडायचं. आतल्या हवेचा दाब बदलतो तसा नाद घुमतो, खाली उतरतो, मध्येच गिळल्यासारखा होतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं चामडं वापरतात. जुने वादक नादात फरक पडला म्हणून कुरकुरतात आणि कान दिलात तर फरक कळतोही. पण घोरपड जंगलात राहिलेली बरी. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

ऐकायचं कुठे? चवथीला कोणाच्या तरी घरी. गोव्यात चवथ ही घरची. वाड्यावरची मंडळी रात्री एकेका घरी जातात आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बसून आरत्या म्हणतात. घुमटं दोन-चार, शामेळ हा ढोलकासारखा एक, कासाळ्यांची जोडी. आरती संथ सुरू होते, मग लय चढत जाते, कडवं संपलं की नुसतं वादन उसळतं आणि पुन्हा शब्द येतात. शब्द बहुतेक मराठीच असतात, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेला माणूस दुसऱ्या कडव्यापासून गायला लागतो. चाली मात्र तुमच्या ओळखीच्या नसतील.

ओळखीचं घर नसेल तर घुमट आरतीच्या स्पर्धा असतात. तिथे वादन चोख मिळतं. घरातली ऊब मात्र मिळत नाही, आणि मोदक-करंज्याही नाहीत. शिमग्यात देवळाच्या आवारात होणारं सुंवारी वादन ही आणखी एक संधी. तालाचा अभ्यास असणाऱ्याने ते चुकवू नये.

मांडो, दुलपद, देखणी यांत फरक काय?

तिन्ही कोकणीतली गाणी, पण मूड वेगळे. मांडो संथ, सहा मात्रांच्या झुलत्या चालीचा, विरहाचा किंवा प्रेमाच्या कबुलीचा. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या कुडतरी, लोटली, राय या गावांतल्या ख्रिस्ती जमीनदार घराण्यांच्या दिवाणखान्यात तो वाढला. व्हायोलिन पाश्चात्त्य, घुमट इथलं, सूर दोन-तीन पट्ट्यांत एकाच वेळी, आणि नाचताना स्त्रिया तोरोप-बाजू हा पारंपरिक पेहराव नेसून हातात पंखा धरतात. मांडो संपला की दुलपद येतं. ते जलद, चेष्टेखोर, गावातल्या कुचाळक्या सांगणारं. लागोपाठ अनेक दुलपदं गुंफली जातात आणि आतापर्यंत गंभीर बसलेले आजोबा पाय हलवायला लागतात. देखणी ही हिंदू कलावंतिणीची व्यक्तिरेखा घेऊन रचलेली, ख्रिस्ती घरांत गायली जाणारी. एका समाजाने दुसऱ्याकडे कसं पाहिलं याचा तो पुरावाच आहे. त्यात कौतुक आहे, थोडी दुरूनची कल्पनाही आहे.

हॉटेलातल्या ‘गोवन नाईट’मध्ये दहा मिनिटांत तिन्ही उरकतात. मांडो महोत्सवात जा, तिथे गावांची पथकं आपापल्या चाली घेऊन उतरतात.

शास्त्रीय संगीत आणि गोवा? तिथे तर सगळं पाश्चात्त्यच ना?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की मी त्याला गाडीत बसवून फोंडा तालुका फिरवतो.

मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं गाव. आडनावच गावावरून आलेलं. १९२९ मध्ये त्याच गावात जितेंद्र अभिषेकी जन्मले. देवळातलं कीर्तन, भजन, चौघडा कानावर पडत वाढलेला हा माणूस पुढे मुंबईत गेला आणि १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’ला त्याने संगीत दिलं. मरगळलेल्या संगीत नाटकाला त्यामुळे पुन्हा श्रोते मिळाले. तीन वर्षांनी ‘कट्यार काळजात घुसली’. अभिषेकींच्या चालींत मला नेहमी देवळाच्या सभामंडपाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. हे सिद्ध करता येणार नाही, पण मंगेशीच्या तळ्याकाठी बसून ऐकलंत तर तुम्हीही माझ्या बाजूला याल.

तिथून केरीला जा. केसरबाई केरकरांचं गाव. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर जगभरातलं निवडक संगीत आहे. त्यात भारताचं एकच ध्वनिमुद्रण, आणि ते केसरबाईंच्या भैरवीचं. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. आज ती याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोहोचली आहेत, आणि केरीत मात्र बस थांब्यावर विचारलं तर पोरांना नाव सांगावं लागतं. याचा मला राग येतो.

तिसरं गाव कुर्डी, सांगे तालुक्यातलं. मोगूबाई कुर्डीकर १९०४ मध्ये तिथे जन्मल्या. साळावली धरणात हे गाव बुडालं. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की देवळाचे अवशेष, घरांची जोती, जुन्या वाटा वर येतात आणि विस्थापित झालेली कुटुंबं तिथे जमतात. जाताना मोगूबाई आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर, दोघींचं गाणं सोबत ठेवा, आणि शक्यतो एकच राग दोघींकडून ऐका. आईकडे लयीचा बांध घट्ट आहे, लेकीने तो जाणून-बुजून सैल केला आहे.

केसरबाई आणि मोगूबाई दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या. गोव्यातून एवढे गायक का आले, याचं मोठं उत्तर देवळांत आहे. देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत समाजातल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणं सांभाळलं आणि त्याबद्दल समाजाकडून सन्मान कमी, अवहेलनाच जास्त सोसली. तोच समाज पुढे गोमंतक मराठा समाज म्हणून संघटित झाला. मैफलीत ‘गोव्याच्या मातीतच सूर आहे’ असं कोणी म्हणालं की मला या बायका आठवतात. मातीला श्रेय देणं सोपं असतं.

तालाच्या बाजूने एकच नाव सांगतो, खाप्रुमामा पर्वतकर. लयीवरच्या त्यांच्या हुकमतीमुळे ‘लयभास्कर’ म्हणून ओळखले गेले. तबलजी मित्रांना सोबत आणा, ते तासभर गप्प बसणार नाहीत.

मडगावच्या दिंडीत बाहेरच्याला प्रवेश आहे का?

ती रस्त्यावरच असते, प्रवेश कसला! पालखी निघते, ठरलेल्या ठिकाणी थांबते आणि तिथे भर रस्त्यात नामवंत गायकांची बैठक होते. लोक डांबरावर बसून ऐकतात. सतरंजी किंवा जुनी चादर बरोबर आणा. मध्यरात्रीनंतर रंग चढतो, तेव्हा दुपारी झोप काढून घ्या.

तुमचे आवडते बँड आणि गायक कोणते?

यावर घरात भांडणं होतात, तरी सांगतो.

लोर्ना कोर्देरो आणि क्रिस पेरी यांची जोडी पहिली. मुंबईच्या क्लबांमधलं जॅझ क्रिस पेरीने ट्रम्पेटवर कोकणीत आणलं आणि लोर्नाच्या आवाजात ते प्रत्येक गोवेकराच्या घरी पोहोचलं. मधली बरीच वर्षं ती गात नव्हती. १९९५ मध्ये परत आली तेव्हा आवाज जाड झाला होता, आणि मला तो जास्त आवडतो.

रेमो फर्नांडिस, शिवोलीचा. १९८४ चा ‘गोवन क्रेझी’ त्याने घरीच ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेट स्कूटरवरून फिरून दुकानांत दिल्या. आज सगळेच घरी रेकॉर्ड करतात, तेव्हा तो वेडेपणा होता. हिंदी चित्रपटांमुळे त्याला ओळखणाऱ्यांनी ही जुनी गाणी आधी ऐकावीत. राजकारणी, प्रवासी, गावकरी, कोणालाही त्यात सूट नाही.

सोनिया शिरसाट फादो गाते. मूळ पोर्तुगालचा, समुद्र आणि विरहाचा गायनप्रकार, पण तिच्याकडून ऐकताना परका वाटत नाही. भाषा न समजताही डोळे भरतात.

नाचायचं असेल तर लग्नाचे बँड. लिंक्स, बिग सिटी बँड ही नावं गोव्यात पोरांनाही ठाऊक आहेत. लग्नात जेवणानंतर ‘मसाला’ लागतो, म्हणजे कोकणी-पोर्तुगीज नाचगाण्यांची न थांबणारी माळ. लग्नाचं आमंत्रण मिळालं तर अहेराचं पाकीट घ्या आणि मसाला संपेपर्यंत निघू नका.

हिंदी सिनेसंगीतात एवढे गोवेकर वादक कसे?

नोटेशन वाचता येत होतं म्हणून. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत गावचे मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकवत. लहान वयात कागदावरचे सूर वाचायला शिकलेली ही पोरं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. तिथे संगीतकारांकडे चाली होत्या, पण पन्नास वादकांकडून एकत्र वाजवून घ्यायचं तर कोणीतरी त्या कागदावर उतरवायला हव्या होत्या. ते काम या लोकांनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे, हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. अमिताभच्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव शिष्याने गुरूला दिलेली दक्षिणा आहे. पडद्यावर यांची नावं क्वचितच आली.

तियात्र मराठी माणसाला कळेल का?

तियात्र म्हणजे कोकणी संगीत नाटक. निम्मं नक्की कळेल. १७ एप्रिल १८९२ ला पहिलं तियात्र झालं ते मुंबईत, त्यामुळे संकोच नको. प्रवेशांच्या मध्ये पडद्यासमोर येऊन म्हणायची कांतारां हा त्याचा प्राण. कथेशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. कालच्या विधानसभेतल्या भांडणावर आज कांतार तयार असतं, आणि नाव घेऊन टोमणा मारला की प्रेक्षागृह ‘वन्स मोर’ने दणाणतं. मडगावचं रवींद्र भवन किंवा पणजीची कला अकादमी, दोन्हीकडे होतात. शेजारच्या खुर्चीवरचे अंकल-आंटी विनोद समजावून सांगतात, न विचारताही.

आणि ट्रान्स, बीच पार्टी वगैरे?

माझा प्रांत नाही, पण इतिहास रंजक आहे. हणजूणच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर हिप्पींच्या पार्ट्यांतून गोवा ट्रान्स घडला. कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल त्यातलं मोठं नाव, २०२३ मध्ये गेला. इथल्या उष्म्यात रेकॉर्ड वाकत, म्हणून डीजे कॅसेट आणि डॅट टेपवर वाजवत. आता उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पहाटेपर्यंत उघड्यावर पार्टी चालेल असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

ऋतूप्रमाणे काय ऐकता? यादी द्याल?

जून-जुलै: गाडीत मल्हार. दुपारी मोगूबाई, रात्री किशोरीताई. अनमोड घाटात धुकं असेल तर काही लावू नका, काच खाली करा.

श्रावण-भाद्रपद: अभिषेकींचे अभंग सकाळी. चवथीच्या आठवड्यात यादी बंद, कारण शेजाऱ्यांचं घुमट ऐकू येतंच.

कार्तिक ते पौष: नाट्यगीतं. दीनानाथांची जुनी ध्वनिमुद्रणं खरखरतात, पण तान अशी सुटते की खरखर विसरायला होतं. गावच्या जत्रेत हौशी मंडळी रात्रभर मराठी संगीत नाटक करतात. ऑर्गनवाला शेजारच्या गावचा, नायक बँकेत नोकरीला. तिथे एक अंक तरी बसा. पेडणे भागात दशावतार.

नाताळ: लोर्ना, जुने जॅझ, चर्चमधली कोकणी कँटिकां, म्हणजे भक्तिगीतं. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी महोत्सव असतो, २०१६ पासून. त्यात गाण्याचे कार्यक्रम चांगले, पण एका संध्याकाळी तीन ठिकाणी धावण्याचा मोह टाळा.

जानेवारी-फेब्रुवारी: फादो आणि बाख. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मोंते चॅपेलमध्ये संगीत महोत्सव भरतो. सूर्यास्ताच्या बैठकीला वर चढून गेलात की मांडवी दिसते. केतेवन महोत्सव जॉर्जियाच्या राणीच्या नावाने आहे. तिचे अवशेष जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या भग्न चर्चमध्ये सापडले, आणि २०२१ मध्ये त्यांतला एक भाग भारताने जॉर्जियाला दिला.

फाल्गुन: कार्निव्हालला रेमो, शिमग्याला काहीच नाही. रोमटामेळाचा, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीचा, ‘ओस्सय ओस्सय’ घोष आणि ढोल-ताशे घरापर्यंत येतात.

मे: केसरबाई, एकट्याने. उकाड्यात दुसरं काही सहन होत नाही.

तिकिटं महाग असतात का?

देवळात, दिंडीत, सप्ताहात, शिमग्यात तिकीट नसतं. तियात्राचं तिकीट मल्टिप्लेक्सच्या आसपास. मोठ्या इलेक्ट्रॉनिक महोत्सवांचं महाग, आणि पाण्याची बाटली त्याहून.

फिरायचं कसं?

रेल्वेने येणार असाल तर कार्यक्रम कुठे आहे ते पाहून स्टेशन निवडा. बार्देशसाठी थिवी, पणजी-जुन्या गोव्यासाठी करमळी, सासष्टीसाठी मडगाव. विमान असेल तर मोपा आणि दाबोळी यांत गोंधळ करू नका, दोन्ही एकमेकांपासून बरेच लांब आहेत. दिवसा कदंब आणि खाजगी बस पुरतात. रात्री मात्र बस मिळत नाही आणि गाण्याचा खरा भाग रात्रीच असतो, म्हणून भाड्याची दुचाकी घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, साध्या पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे.

रेकॉर्डिंग केलं तर चालतं का?

विचारून. देवळात गर्भगृहाकडे कॅमेरा नको, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना अजिबात नको. कोणाच्या घरी आरतीला गेलात तर फोन खिशात ठेवा आणि टाळ्या वाजवा. ताल चुकला तरी कोणी काही म्हणत नाही.

कार्यक्रमांच्या तारखा कुठे कळतात?

इथल्या मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर, बहुधा दोन दिवस आधी. जत्रा आणि सप्ताह तिथीप्रमाणे, तेव्हा पंचांग. फेस्तं इंग्रजी तारखेप्रमाणे. तियात्रांची पोस्टरं मडगाव आणि म्हापशाच्या बाजारात भिंतींवर लागतात. कला अकादमी आणि रवींद्र भवनांच्या फलकावर महिन्याचे कार्यक्रम असतात, वाटेत असाल तर थांबून वाचा. गावातली बैठक मात्र यातल्या कशातच छापून येत नाही. त्यासाठी देवळासमोरच्या हॉटेलात भाजीपाव मागवायचा आणि मालकाला विचारायचं.